मैत्रीतलं समाधान मोजायची मापनी : प्रकल्प नोंदी

९ जून

आधी काय मोजायचं ते ठरवायला हवं. ‘प्रौढ माणूस आपल्या मैत्रीबाबत किती समाधानी आहे’ या एका वाक्यात चार वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत. मित्र किती, भेटीगाठी किती, मैत्रीतून काय मिळतं, आणि जे मिळतं ते त्या माणसाला पुरतं का. आपल्याला हवा आहे तो चौथा. पहिले तीन त्याची कारणं असू शकतात, पण कारण मोजलं म्हणजे परिणाम मोजला असं होत नाही. दोनच मित्र असलेला माणूस तृप्त असतो आणि फोनमध्ये शेकडो नावं असलेल्याला पोकळी जाणवते, हे सगळ्यांनाच माहीत आहे. मापनीलाही ते दिसलं पाहिजे.

म्हणून प्रत्येक विधानासाठी एकच चाळणी ठेवली : हे विधान खरं असूनही माणूस असमाधानी असू शकतो का? उत्तर ‘हो’ आलं तर विधान बाहेर. ‘अडचणीत माझे मित्र धावून येतात’ हे छान वाक्य पहिल्याच चाळणीत गळलं. ते मैत्रीच्या गुणवत्तेचं विधान आहे, समाधानाचं नाही.

सैद्धांतिक पाया म्हणून थिबो आणि केली यांची १९५९ची मांडणी घेतली. माणूस मिळालेल्या गोष्टीची तुलना स्वतःच्या अपेक्षेच्या पातळीशी करतो आणि त्या तुलनेतून समाधान ठरतं. हे पुढे वारंवार कामाला येणार आहे.

१२ जून

उपलब्ध साधनं तपासली. मैत्रीच्या जवळपास फिरणाऱ्या मापन्या भरपूर आहेत, पण बहुतेक शेजारचंच काहीतरी मोजतात.

मेंडेलसन आणि अबूड यांच्या १९९९च्या मॅकगिल प्रश्नावल्या आपल्या कामाच्या सगळ्यात जवळ आहेत. त्यांतली एक ३० विधानांची, मित्र कोणती सहा कार्यं निभावतो हे विचारणारी. दुसरी १६ विधानांची, मित्राबद्दलच्या भावना आणि समाधान विचारणारी. अडचण एवढीच की दोन्ही एका ठरावीक मित्राबद्दल आहेत. एकूण मैत्रीबद्दल त्या काही सांगत नाहीत आणि ज्याला मित्रच नाही त्याला त्या भरताच येत नाहीत.

झिमेट आणि सहकाऱ्यांच्या १९८८च्या सामाजिक आधाराच्या मापनीत १२ पैकी ४ विधानं मित्रांची आहेत. पण तिथे विषय आधाराचा आहे. लुबेन मापनीची ६ प्रश्नांची आवृत्ती माणसाच्या नातेसंबंधांच्या जाळ्याचा आकार आणि जवळीक विचारते. यूसीएलए एकटेपणा मापनीची ३ प्रश्नांची आवृत्ती (२००४, एकूण गुण ३ ते ९) एकटेपणा मोजते, आणि एकटेपणा जोडीदार किंवा घरच्यांच्या दुराव्यानेही येतो. डीनर यांची १९८५ची ५ विधानांची जीवनसमाधान मापनी रचनेसाठी आदर्श आहे. तिची विधानं मोघम आहेत आणि कशावरून समाधानी ते माणसावरच सोडतात. आपलीही घडण तशीच ठेवायची.

निर्णय : एकूण मैत्रीसाठी नवी मापनी मराठीतच लिहायची, भाषांतर करायचं नाही. जुन्या मापन्या फक्त पडताळ्यासाठी, आणि त्या वापरण्यापूर्वी परवानगीच्या अटी एकेक करून तपासायच्या.

१७ जून

आजचा पूर्ण दिवस एका शब्दावर गेला, आणि तो जायलाच हवा होता.

मराठीत समाधान ‘वाटतं’ आणि समाधान ‘मानतात’ सुद्धा. ‘मला समाधान वाटतं’ हा स्वतःच्या स्थितीबद्दलचा अभिप्राय झाला. ‘मी समाधान मानते’ म्हणजे मिळालं ते कमी आहे हे ठाऊक असून तक्रार न करणं. ‘समाधानी’ या विशेषणात दोन्ही अर्थ मिसळतात, वर एक तिसरा येऊन बसतो : समाधानी असणं हा चांगल्या स्वभावाचा गुण. त्यामुळे ‘मी माझ्या मैत्रीबाबत समाधानी आहे’ असं छापलं की काही जण मैत्रीबद्दल बोलतील, काही स्वतःच्या स्वभावाबद्दल. मैत्रीतून फारसं काही न मिळणारा पण तक्रारखोर दिसायला नको असलेला माणूस इथे वरचा पर्याय निवडेल. अपेक्षेची पातळी खाली ओढून मिळवलेलं समाधान आणि खरोखर पुरेसं मिळाल्याचं समाधान गुणांमध्ये एकसारखं दिसेल.

पहिलं पूर्णपणे टाळता येणार नाही. माणसाने अपेक्षा मनापासून कमी केली असेल तर तो समाधानीच आहे. पण अपेक्षा शिल्लक असून तोंडावर समाधान असेल, तर ते पकडायला हवं. म्हणून :

‘समाधानी’ हा शब्द विधानांमध्ये वापरायचा नाही. त्याऐवजी ‘मला हवं तसं’, ‘पुरेसं वाटतं’, ‘आवडतं’, ‘कमी वाटतं’.

किमान तीन विधानं उणीव थेट विचारणारी, पण नकारार्थी क्रियापदाशिवाय. ‘मैत्रीच्या बाबतीत काहीतरी कमी आहे असं वाटतं’ चालेल. ‘मला समाधान वाटत नाही’ चालणार नाही, कारण त्याला ‘अजिबात नाही’ असं उत्तर देताना दोन नकार एकमेकांवर आदळतात आणि घाईत भरणारा उलटी खूण करतो.

१९ जून

अपेक्षा वेगळी विचारून, मिळालेलं वेगळं विचारून वजाबाकी करावी असा प्रस्ताव होता. नाकारला. दोन्ही मापनांची विश्वसनीयता (मोजमाप किती भरवशाचं, ० ते १) ०.८० आणि त्यांच्यातला सहसंबंध (दोन आकडे किती एकत्र बदलतात, −१ ते १) ०.६० धरला, तर फरकाची विश्वसनीयता (०.८० − ०.६०) ÷ (१ − ०.६०) म्हणजे ०.५० उरते. दोन चांगल्या मोजपट्ट्यांतून एक वाईट मोजपट्टी तयार होते. तफावत माणसाच्या मनातच असते, तीच थेट विचारायची.

२४ जून

पहिला खर्डा : २४ विधानं. लिंगनिरपेक्षतेचं काम आज संपवलं.

मराठीत प्रथमपुरुषी क्रियापद लिंग उघड करतं. ‘मी मोकळेपणाने बोलू शकतो/शकते’ अशी तिरकी रेघ विधानात आली की वाचणारा अडखळतो, आणि तोंडी विचारताना मुलाखतकर्ता एकच रूप उच्चारतो. तीन वाटा सापडल्या. ‘मला’ने सुरुवात : ‘मला मोकळेपणाने बोलता येतं’. कर्मणी रचना : ‘शक्य असतं तर मैत्रीच्या बाबतीत मी बरंच काही बदललं असतं’, इथे क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, बोलणाऱ्याचं लिंग लागत नाही. आणि मापनीच्या दुसऱ्या, एकाच मित्राबद्दलच्या भागात ‘ही व्यक्ती’. ‘व्यक्ती’ व्याकरणाने स्त्रीलिंगी असल्याने ‘ही व्यक्ती मला समजून घेते’ हे पुरुष मित्रालाही लागू पडतं. अनेकवचनात ‘मित्रमैत्रिणी’.

३ जुलै

उत्तरांचे पर्याय. मॅकगिलमध्ये समाधानाची पट्टी −४ ते +४ आहे. आपण ऋण अंक घेणार नाही, आणि याचं कारण नोंदवून ठेवणं महत्त्वाचं आहे. श्वार्झ आणि सहकाऱ्यांनी १९९१मध्ये जर्मनीत आयुष्यातल्या यशाबद्दल एकच प्रश्न दोन पट्ट्यांवर विचारला होता. ० ते १० पट्टीवर ३४ टक्के लोकांनी ० ते ५ मधला आकडा निवडला. −५ ते +५ पट्टीवर तेवढ्याच खालच्या भागात, म्हणजे −५ ते ० मध्ये, फक्त १३ टक्के आले. ऋण अंक दिसला की ‘यशाचा अभाव’ऐवजी ‘अपयश’ असं वाचलं जातं. मैत्रीत हे आणखी बोचेल : शून्य म्हणजे ‘फारसं काही नाही’, पण उणे चार म्हणजे भांडण.

पाच पर्याय, प्रत्येकाला शब्द, गुण १ ते ५ फक्त गणनेत, छापील फॉर्मवर आकडे नाहीत. शब्दांवरून वाद झाला. ‘थोडंफार’ आणि ‘काहीसं’ यांत लोकांना फरक जाणवत नाही. ‘बऱ्यापैकी’ आणि ‘बरंच’ यांचा क्रम माणसागणिक बदलतो. ‘सहमत/असहमत’ बोलण्यात कुणी वापरत नाही. ठरलेली मालिका : अजिबात नाही, थोडंसं, मध्यम, बरंच, पूर्णपणे. प्रत्येक विधानामागे ‘हे तुम्हाला कितपत लागू पडतं?’

कालावधी : गेले ३ महिने. ‘आजकाल’ म्हणजे कुणासाठी कालपरवा, कुणासाठी गेली पाच वर्षं. एक महिना ठेवला तर एखादी न झालेली भेट सगळं ठरवते.

८ जुलै

‘मित्र’ कोण? व्याख्या द्यावी की नाही यावर दोन्ही बाजू तगड्या आहेत. व्याख्या न दिल्यास कुणी सहकारी आणि शेजारी धरून चाळीस मोजतो, कुणी फक्त जिवलग एक. व्याख्या दिल्यास आपण माणसाच्या मैत्रीवर आपली कल्पना लादतो. समाधान मोजताना माणसाची स्वतःची कल्पना महत्त्वाची, म्हणून जवळिकीची अट घातली नाही. फक्त सीमा आखली : ‘जोडीदार आणि नातेवाईक सोडून, ज्यांना तुम्ही मित्र किंवा मैत्रीण म्हणता अशा व्यक्ती.’ बहीण हीच जिवलग मैत्रीण असं म्हणणारे भेटणारच. त्यांच्यासाठी शेवटी वेगळा प्रश्न ठेवला, नाहीतर ते सीमेला न जुमानता बहिणीलाच डोळ्यांसमोर ठेवून सगळं भरतात आणि आपल्याला ते कळतही नाही.

१४ जुलै

ज्यांना एकही मित्र नाही त्यांचं काय, हा प्रश्न बाजूला टाकला तर सगळी मापनी लंगडी होते. अशा लोकांना ‘लागू नाही’ म्हणून वगळलं की सरासरी समाधान आपोआप वर जातं, आणि ज्यांच्यासाठी मोजमाप सर्वांत गरजेचं तेच गायब होतात. शिवाय मित्र नसूनही काही जण खरंच निवांत असतात. त्यांना असमाधानी धरणं तितकंच चूक.

म्हणून २४ विधानं ‘मित्र शून्य’ असं गृहीत धरून पुन्हा वाचली. ‘मित्रमैत्रिणींसोबतचा वेळ मला आवडतो’ अडलं, बाद. ‘मित्रमैत्रिणींसोबत जेवढा वेळ जातो तेवढा मला पुरेसा वाटतो’ हे ‘अजिबात वेळ जात नसला तरी उत्तर द्या’ या सूचनेसह टिकलं. ‘माझ्या आयुष्यात मैत्रीला जेवढी जागा आहे, तेवढी मला हवी तशीच आहे’ हे सूचनेशिवाय टिकलं. १७ उरली.

२२ जुलै

तज्ज्ञांची तपासणी. सात परीक्षक, प्रत्येक विधानाला प्रस्तुततेचे १ ते ४ गुण. ३ किंवा ४ देणाऱ्यांचं प्रमाण मोजायचं. लिन यांच्या १९८६च्या निकषाला धरून सहा किंवा अधिक परीक्षक असतील तर ०.७८ ही खालची सीमा. सातपैकी सहा म्हणजे ०.८६, पास. सातपैकी पाच म्हणजे ०.७१, नापास. आकड्यांपेक्षा शेऱ्यांचा उपयोग जास्त झाला. ‘इतरांची मैत्री पाहून मला हेवा वाटतो’ प्रस्तुत ठरलं, पण एका शेऱ्यात म्हटलं आहे की हेवा कबूल करणं हेच कठीण, म्हणजे विधान प्रामाणिकपणा मोजेल. काढलं. १२ उरली.

२९ जुलै ते ५ ऑगस्ट

मोठ्याने विचार करत उत्तर देण्याच्या मुलाखती. प्रत्येकीला साधारण ४५ मिनिटं. विधान वाचायचं, मनात येईल ते बोलत पर्याय निवडायचा, मग ठरलेले प्रश्न : ‘उत्तर देताना कोण डोळ्यांसमोर आलं?’, ‘पुरेसा म्हणजे तुम्ही किती धरलात?’, ‘याच्या खालचा पर्याय का नाही निवडलात?’ तिसरा प्रश्न सर्वांत कामाचा. त्याच्या उत्तरात अपेक्षेची पातळी आपोआप बाहेर येते.

अडचणी ज्या सुधाराव्या लागल्या :

‘मैत्रीची स्थिती’ हा शब्दप्रयोग लोकांना कागदी वाटला आणि काहींनी तो एका मित्राशी बिघडलेल्या संबंधांशी जोडला. आता : ‘सध्या माझ्या आयुष्यात जशी मैत्री आहे, तशी ती मला आवडते.’

‘मनातलं बोलायला कुणीतरी आहे’ याला उत्तर देताना जोडीदार डोळ्यांसमोर येतो. सीमा पहिल्या पानावर असून उपयोग नाही, ती प्रत्येक पानाच्या माथ्यावर हवी.

‘मैत्रीत मला जे हवं असतं ते मिळतं’ ऐकल्यावर ‘मी कुणाकडून काही मागत नाही’ असा आक्षेप आला. मैत्रीत हिशेब नसतो ही भावना बळकट आहे आणि ‘मिळतं’ हे क्रियापद तिला धक्का देतं. त्याजागी ‘मैत्री कशी असावी असं मला वाटतं, साधारण तशीच ती आहे’. अर्थ तोच, देवघेवीचा वास नाही.

आणखी एक : तोंडी विचारताना शेजारी घरचं माणूस बसलेलं असेल तर उत्तरं वर सरकतात. फॉर्म स्वतः भरू द्यायचा. वाचता न येणाऱ्यांसाठी पर्यायांचं कार्ड, ज्यावर वाढत्या आकाराची पाच वर्तुळं, आणि उत्तर बोट ठेवून, न बोलता.

११ ऑगस्ट

विधानं किती ठेवायची. अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात यावरून काढलेली विश्वसनीयता) वाढवण्याच्या मोहाला आळा म्हणून हे गणित भिंतीवर लावलं : विधानांमधला सरासरी सहसंबंध ०.४० असलेली ८ विधानं अल्फा ०.८४ देतात. सरासरी ०.२० असलेली २० विधानं ०.८३ देतात. आकडा जवळपास तोच, पण दुसरी मापनी म्हणजे एकमेकांशी जेमतेम बोलणाऱ्या विधानांची गर्दी. उलट टोक : सरासरी ०.७५ असलेली तीनच विधानं ०.९० देतात, कारण ती एकच वाक्य तीनदा विचारत असतात. क्रॉनबॅक यांचा अल्फा लांबी आणि पुनरुक्ती दोन्हींनी फुगतो. ओमेगाही (विश्वसनीयतेचाच दुसरा अंदाज) काढायचा, पण आधी सहसंबंधांचा तक्ता डोळ्यांनी वाचायचा.

लक्ष्य ८ विधानं : पाच सरळ, तीन उणिवेची. एकूण गुण ८ ते ४०. उणिवेच्या विधानांचे गुण ६ मधून वजा करून उलटवायचे. घटक विश्लेषणात (कोणती विधानं एका गटात येतात हे पाहणाऱ्या गणितात) ही तीन वेगळा घटक म्हणून उठून दिसण्याची शक्यता आहे. ते दिसलं म्हणजे समाधानाला दोन पैलू आहेत असं लगेच लिहायचं नाही. बहुतेक वेळा तो शब्दरचनेचा परिणाम असतो. उलटवलेल्या विधानांसाठी वेगळा पद्धतघटक (फक्त शब्दरचनेमुळे येणारा सारखेपणा) घालून गणिती प्रतिमान तपासायचं. पर्याय पाचच असल्याने साध्या सहसंबंधांऐवजी क्रमवाचक मापनासाठीचे पॉलिकोरिक सहसंबंध. घटकांची संख्या हॉर्न यांच्या १९६५च्या समांतर विश्लेषणाने, म्हणजे यादृच्छिक आकड्यांशी तुलना करून. ‘एकापेक्षा मोठं आयगेनमूल्य’ (आयगेनमूल्य म्हणजे एका घटकाने उलगडलेला फरक) हा नियम जास्त घटक काढतो, तो वापरायचा नाही.

१८ ऑगस्ट

एका मित्राबद्दलचा भाग (दुसरा भाग) : ‘तुमच्या सर्वांत जवळच्या मित्राबद्दल सांगा’ म्हटलं की माणूस ज्याच्यावर खूश आहे त्यालाच निवडतो. गुण वरच्या टोकाला चिकटतात. १५ टक्क्यांहून जास्त लोकांना कमाल गुण मिळाले तर मापनी वरच्या टोकाला फरक ओळखत नाही असं मानतात, आणि या रचनेत ते घडणं जवळपास ठरलेलं. उपाय : पाचपर्यंत व्यक्तींची टोपणखूण लिहून घ्यायची (पूर्ण नाव नाही, त्या व्यक्तीने संमती दिलेली नाही हे विसरायचं नाही) आणि फॉर्मवर आधीच छापलेल्या यादृच्छिक क्रमांकाच्या व्यक्तीबद्दल विचारायचं. यादी त्याहून छोटी असेल तर पुढचा छापलेला क्रमांक.

मात्र ही यादी पहिल्या भागाच्या नंतरच. आधी नावं लिहायला लावली तर एकूण समाधानाचं उत्तर त्या यादीच्या लांबीवर जातं. एकटेपणाचे तीन प्रश्नही याच कारणाने शेवटी.

२० ऑगस्ट

निकालांबद्दलच्या आपल्या अपेक्षा माहिती येण्यापूर्वी लिहून बंद केल्या. एकटेपणाशी सहसंबंध ऋण, −०.३० ते −०.६० दरम्यान. जीवनसमाधानाशी धन, ०.२० ते ०.५०. मित्रसंख्येशी धन पण क्षीण, ०.३०च्या खाली. एकटेपणाशी −०.८० च्या पलीकडे गेला तर आपण एकटेपणाचीच मापनी उलटी करून लिहिली असं समजायचं. मित्रसंख्येशी ०.५० आला तर ९ जूनच्या चाळणीत भोक राहिलं.

नमुना ३००. शंभर जणांवर सहसंबंध ०.५० आला तर ९५ टक्के विश्वासांतर (खरा आकडा ज्या मर्यादांत असावा ती पट्टी) ०.३४ ते ०.६३ इतकं रुंद, तीनशेवर ०.४१ ते ०.५८. वर लिहिलेल्या अपेक्षित मर्यादांशी तुलना करायची तर शंभर पुरणार नाहीत. त्यांतल्या ६० जणांची ३ आठवड्यांनी फेरचाचणी, आणि फेरचाचणीत एक जादा प्रश्न : ‘या काळात मैत्रीत काही मोठा बदल झाला का?’ ज्यांचं खरंच काही बदललं त्यांना स्थैर्याच्या गणनेत धरायचं नाही.

स्त्री-पुरुष किंवा वयोगटांच्या सरासरी गुणांची तुलना मापन समतुल्यता (मापनी प्रत्येक गटात तेच आणि तसंच मोजते का) तपासल्याशिवाय छापायची नाही. घटकभार (विधानाचा घटकाशी संबंध) समान, मग छेद (विधानाची आधारपातळी) समान, दर पायरीला सीएफआयमधली (प्रतिमान माहितीशी किती जुळतं त्या निर्देशांकातली) घट ०.०१ पर्यंत.

२७ ऑगस्ट

गुणांकनाचा कागद.

आठपैकी दोनपर्यंत उत्तरं नसतील तर उरलेल्यांची सरासरी गुणिले ८. उदाहरण : ६ उत्तरांची बेरीज २२ असेल तर २२ ÷ ६ × ८ = २९.३. तीन किंवा जास्त रिकामी असतील तर एकूण गुण काढायचा नाही.

आठही विधानांना एकच पर्याय : संशयास्पद, कारण तीन विधानं उलट आहेत. अपवाद सगळीकडे ‘मध्यम’. ते प्रामाणिक असू शकतं, वगळण्यापूर्वी वेळ पाहायचा. ऑनलाइन फॉर्मवर दर विधानाला सरासरी २ सेकंदांपेक्षा कमी लागले असतील तर न वाचता भरलेलं धरायचं.

वैयक्तिक गुणांबद्दल इशारा, जो मार्गदर्शिकेत ठळक हवा : प्रमाण विचलन (गुणांचा पसारा) ६ आणि फेरचाचणी विश्वसनीयता ०.८५ धरली तर मापनाची प्रमाण चूक ६ × √०.१५ म्हणजे २.३, आणि खरा म्हणता येईल असा किमान बदल १.९६ × √२ × २.३ म्हणजे सुमारे ६.४ गुण. म्हणजे एका माणसाचे गुण २६ वरून ३१ झाले तर ‘मैत्रीत सुधारणा’ असं लिहिता येणार नाही. गटाच्या सरासरीला ही अट लागत नाही. आपले खरे आकडे आले की हे गणित पुन्हा. ‘कमी’, ‘मध्यम’, ‘उच्च’ अशा पट्ट्या मार्गदर्शिकेत देणार नाही. एकदा छापल्या की त्या निदान म्हणून वापरल्या जातात.

२ सप्टेंबर

मुलाखतकर्त्यांचं प्रशिक्षण. विधान जसंच्या तसं वाचायचं. समजलं नाही म्हटलं तर पुन्हा तेच वाचायचं, स्वतःच्या शब्दांत सांगायचं नाही. ‘बरंच ना?’ असं सुचवायचं नाही. मान डोलावणं बंद.

सरावात एक उत्तर पुन्हा पुन्हा आलं : ‘आहे त्यात समाधान मानायचं.’ मुलाखतकर्ते त्यावर सहज ‘बरंच’वर खूण करत होते. हे थांबवायचं. असं उत्तर आलं तर खूण करायची नाही, विधान पुन्हा वाचायचं आणि कार्डावर बोट ठेवायला सांगायचं. दुसऱ्यांदाही तेच उत्तर आलं तर ते विधान रिकामं सोडायचं आणि उजवीकडच्या चौकोनात ‘मा’ लिहायचं. तो चौकोन आज फॉर्ममध्ये नव्हता; आठही विधानांसमोर घालून नवी प्रत छपाईला दिली.